मिठाला पाणी सुटण्याआधी

मृग लागून पंधरवडा लोटला की स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवर नजर ठेवा. खडे एकमेकांना चिकटू लागले, तळाशी पाणी दिसू लागले, की घरातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली असे खुशाल समजा. शुद्ध मीठ तिथपर्यंत कोरडे राहते. त्यापुढे ते हवेतले पाणी ओढून त्यातच विरघळू लागते. दुकानातल्या जाड्या मिठात इतर क्षारही असतात, त्यामुळे त्याला जरा आधीच पाणी सुटते. बुरशी मात्र इतकी वाट पाहत नाही. हवा ६० टक्क्यांच्या पुढे रेंगाळली की थंड भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, चामड्याच्या चपलांवर तिचा थर धरू लागतो. म्हणून घरातली हवा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी असे सांगतात. मुलचेरा, अहेरी, चामोर्शी, गोंडपिपरी या गडचिरोलीकडच्या पट्ट्यात वर्षभर हे साधणार नाही, आणि त्यापायी जिवाचा आटापिटाही करू नये. पावसाळ्यात ७० च्या खाली आणि उन्हाळ्यात ३० च्या वर राहिली, तरी घरातली माणसे, धान्य आणि कागदपत्रे बऱ्यापैकी सुखरूप राहतात.

आपल्याकडची अडचण दुहेरी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारची हवा २० टक्क्यांपर्यंत कोरडी होते, ओठ फुटतात, लेकरांचा घोळणा फुटतो. जून सरता सरता सगळे पालटते. वर्षाला १३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भोवती जंगल, धानाच्या बांध्यांत उभे पाणी. मे महिन्यात जो कूलर जीव वाचवतो तोच जुलैत घर ओले करतो. घर चालवायची रीत नक्षत्राबरोबर बदलावी लागते, आणि बहुतेक घरांत ती वर्षभर एकच राहते. माझे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी मोजायला शिका. डिजिटल आर्द्रतामापक आता काही शे रुपयांत मिळतो. तो विश्वासाचा आहे का, हे पाहायला मीठच कामाला येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाका. चिखलासारखे झाले पाहिजे, पण मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने ८० दाखवले तर तो पाचने जास्त सांगतो, इतके कागदावर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा.

मापक नको असेल तर साधे दोन तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा, दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात धरा आणि पाच मिनिटांनी वाचा. हवा जितकी कोरडी तितके ओल्या फुग्यावरचे पाणी जोरात उडते आणि तो पारा खाली जातो. कोरडा ३० आणि ओला २७ असेल तर आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास आहे. कोरडा ४२ आणि ओला २३ असेल तर १८ टक्क्यांच्या आसपास. कोरड्या आणि ओल्या पाऱ्यांमधला हा फरक ध्यानात ठेवा, कूलरच्या वेळी तो फार उपयोगी पडणार आहे.

पाणी येते कुठून

पावसाळ्यात घर दमट झाले की दोष आभाळाला दिला जातो. बराचसा ओलावा आपण घरातच तयार करतो. एक माणूस श्वास आणि घामावाटे दिवसाला लिटरभर पाणी हवेत सोडतो. पाच जणांचे कुटुंब बंद खोलीत झोपले तर सकाळपर्यंत त्या हवेत किती पाणी गेले असेल, याचा हिशेब कोणीही करू शकतो. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी असते आणि ते सगळे दोरीवरून खोलीच्या हवेत जाते. गॅसची गोष्ट तर पुष्कळांना ठाऊकच नसते: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत ज्योतीतून २२ लिटरच्या आसपास पाणी स्वयंपाकघरात आलेले असते. भाताच्या भांड्यातली वाफ वेगळीच. चूल असलेल्या घरात पावसाआधी सरपण आत रचून ठेवतात; ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, आणि ते वाळते तुमच्या घरात.

म्हणून पैसे न लागणारी कामे आधी करा. कपडे छपरीत किंवा ओसरीवर वाळवा. जागा नसेल तर एकाच खोलीत टाका, तिचे आतले दार लावा, बाहेरची खिडकी उघडा आणि पंखा चालू ठेवा. सरपण पडवीत, खाली विटा किंवा बल्ल्या घालून रचा. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवा. चुलीच्या किंवा शेगडीच्या वर, छताजवळ, वाफ निघायला झरोका हवाच. नसेल तर भिंतीत दोन विटा काढून जाळी बसवायला गवंड्याचा अर्धा दिवसही लागत नाही. शेणाने सारवायचे असेल तर सकाळी, ऊन किंवा वारा असेल त्या दिवशी. झडीत सारवण टाळा.

आता खिडक्यांचे. पाऊस सुरू झाला की आपण खिडक्या घट्ट लावतो, बाहेरची ओली हवा आत येऊ नये म्हणून. इथे गणित उलटे आहे. हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते: २० अंशांच्या एका घनमीटर हवेत १७ ग्रॅम, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम, ४० अंशांच्या हवेत ५१ ग्रॅम. बाहेर पाऊस पडतो आहे, हवा २४ अंश आणि ९५ टक्के ओली आहे. घरात ३० अंश आणि ८० टक्के. टक्क्यांत बाहेरची हवा जास्त ओली दिसते, पण पाणी तिच्यात कमी आहे. ती आत येऊन ३० अंशांपर्यंत गरम झाली की तिची आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे पावसाचे फवारे आत येत नसतील तर सरी कोसळत असतानाही समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणे फायद्याचे. पाऊस थांबून कडक ऊन पडले, जमिनीतून वाफा येऊ लागल्या आणि बाहेरची हवा गरम-दमट झाली, की त्या दोन-तीन तासांत खिडक्या लावलेल्या बऱ्या.

खिडकी उघडी म्हटली की डास आले. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्यांपैकी एक, तेव्हा ही भीती खरी आहे, आणि हवेशीर घराचा सल्ला देणाऱ्याने ती आधी मिटवली पाहिजे. दर खिडकीला आणि झरोक्याला बारीक जाळी ठोका. तिने डास अडतात, आणि सापविंचवाचाही एक रस्ता बंद होतो. जाळीमुळे वारा थोडा कमी होतो, म्हणून खिडकीपाशी पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावला तर खोलीतली दमट हवा खेचली जाते. रात्री आरोग्य विभागाची औषधी मच्छरदाणी लावायचीच.

भिंत ओली की हवा ओली

भिंतीवर ओल दिसली की लोक रंगाच्या दुकानात जातात. त्याआधी एक परीक्षा करा. अॅल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस राहू द्या. तुकड्याच्या वरच्या बाजूला दव जमले तर पाणी हवेतले आहे. आधी सांगितलेली कामे करा. मागच्या, भिंतीकडच्या बाजूला ओल दिसली तर पाणी भिंतीतून येते आहे, आणि जगातला कुठलाही पंखा ते थांबवणार नाही. ते पाणी तीन ठिकाणांहून येते: वरून छत टपकत असेल, बाजूने पागोळ्यांचे शिंतोडे भिंत भिजवत असतील, किंवा खालून जमिनीतली ओल जोत्यातून चढत असेल. चढणारी ओल बहुधा कमरेच्या खाली राहते आणि तिथे पांढरे क्षार फुलतात. तिथे आधी अंगणातली माती पाहा. ती वर्षानुवर्षे साचून जोत्याच्या बरोबरीला आली असेल तर खणून खाली न्या आणि उतार घराबाहेर काढा. न्हाणीचे, भांड्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर पाइपाने दूर वाडीत सोडा. पागोळ्यांखाली हातभर रुंदीची दगड-गिट्टीची पट्टी टाकली की चिखल उडत नाही. अर्ध्या चिरलेल्या बांबूची पन्हळ लावली तर आणखी उत्तम. कवेलूचे घर असेल तर कवेलू फेरायचे काम रोहिणीतच उरकून घ्या.

मातीच्या घरांविषयी मला आस्थेने काही सांगायचे आहे. जाड मातीची भिंत हवा दमट झाली की तिच्यातले पाणी पिते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. कवेलूंच्या फटींतून गरम, ओली हवा वर निघून जाते. या घरांत राहणाऱ्या गोंड-माडिया कुटुंबांना मापक लागत नव्हता. त्या भिंतींना मजबुतीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावला जातो तेव्हा आतले पाणी अडकते, माती भुसभुशीत होते आणि काही वर्षांत गिलाव्यासकट सुटते. मातीच्या भिंतीला माती-शेणाचा लेप आणि वर चुना, इतकेच द्या. चुन्यावर बुरशीही सहजी धरत नाही.

घरकुल मिळालेल्यांची अडचण वेगळी. प्रधानमंत्री आवास योजनेचे घर किमान २५ चौरस मीटरचे. स्लॅब किंवा टिनाचे छत, एक-दोन खिडक्या, आणि त्यात आख्खे कुटुंब. नव्या सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधकामाचे पाणी महिनोन् महिने असते. एप्रिलमध्ये गिलावा झाला आणि जूनमध्ये राहायला गेलात तर पहिला पावसाळा दमटच जाणार. मधल्या काळात दारे-खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवा आणि ऑइलपेंट तर एक उन्हाळा जाईपर्यंत लावूच नका. कपाट, पेट्या, पलंग भिंतीपासून वितभर दूर ठेवा. बांधकाम अजून व्हायचे असेल तर गवंड्याला दोन गोष्टी ठासून सांगा: जोत्यावर डीपीसीचा (जमिनीतली ओल अडवणारा) थर, आणि प्रत्येक खोलीत छताजवळ समोरासमोर दोन झरोके.

काही गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना कुर्माघरात राहावे लागते. ही प्रथा जावी असे माझे स्पष्ट मत आहे. ती जाईपर्यंत त्या झोपडीत राहणाऱ्या मुलीला ओल्या जमिनीवर झोपावे लागू नये, एवढे गावाने आजच करावे: उंच जोते, बांबूचा माच, न टपकणारे छत, जाळीची खिडकी.

बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने झाडू नका. तिचे बीजाणू उडून घरभर पसरतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, नाकातोंडाला कापड बांधा आणि भिंत पूर्ण सुकू द्या. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरायचे तर एकटेच वापरा. त्यात संडास धुण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. भिजलेली गादी किंवा उशी एक-दोन दिवसांत सुकली नाही तर तिच्यात बुरशी धरते, म्हणून पहिल्या उन्हाला ती बाहेर निघाली पाहिजे.

हे सगळे दम्याच्या रुग्णांसाठी आणि बाळांसाठी विशेष. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि दमट घरांत श्वसनाचे त्रास व दमा जास्त आढळतो हे नोंदवले. खोली सुकवायला किंवा बाळंतिणीला शेक द्यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचा श्वास शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त वेळा चालत असेल, दोन महिन्यांच्या आतल्याचा ६० किंवा जास्त, अथवा छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तडक आशाताईंना गाठा किंवा दवाखान्यात न्या. गावातला प्रशिक्षित माणूस असे श्वास मोजून बाळ वाचवू शकतो, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातच दाखवून दिले आहे.

धान, मोहफुले, कागद

धान्यसुद्धा हवेतले पाणी पिते. ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलेला धान हळूहळू १४ टक्के ओलाव्यापाशी येऊन थांबतो, आणि घरात साठवायला हीच वरची हद्द, बियाण्यासाठी १२. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतचा धान घेतात, म्हणून केंद्रावर पास झालेला धान घरी टिकेलच असे धरू नका. घरच्या घरी तपासायचे तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश धान आणि दोन चमचे तव्यावर भाजून सुकवलेले मीठ घाला, झाकण लावून काही मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ च्या वर आहे, पुन्हा ऊन द्या. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. कणगी पावसाआधी शेणमातीने लिंपून पूर्ण सुकवा, मगच भरा.

मोहफुले धानाहूनही नाजूक. मार्च-एप्रिलमध्ये वेचलेली, वाळवलेली फुले उघड्या पोत्यात राहिली तर आषाढात मऊ पडतात, काळवंडतात, आंबूस वास येतो आणि भाव कोसळतो. व्यापाऱ्याच्या दबावाखाली मेमध्येच विकायची नसतील तर ती कडक वाळवून, मे महिन्याच्या भर दुपारी, आत प्लास्टिकची पिशवी लावलेल्या पोत्यात किंवा घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये बंद करा. वेळ महत्त्वाची आहे, कारण डबा बंद करताना आतली हवा जशी असते तशीच आत राहते. पावसाळी संध्याकाळी बंद केलेल्या पेटीत तुम्ही दमट हवा कोंडता, आणि रात्री पत्रा गार झाला की तिच्यातले पाणी आतूनच टिपकते.

कागदांनाही हाच नियम. वनहक्काचा पट्टा, सातबारा, जातीचा दाखला, आणि सुंदरनगर, विवेकानंदपूरसारख्या गावांत १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली कुटुंबांकडचे पुनर्वसनाचे जुने कागद: यांतला एखादा कागद कुजला तर पुढच्या पिढीला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी सगळे बाहेर काढा, सावलीत वाऱ्यावर ठेवा (उन्हाने शाई उडते), हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा आणि पावसाळाभर कारणाशिवाय उघडू नका. जेल नसेल तर भाजून गार केलेले तांदूळ कापडात बांधून ठेवले तरी थोडे काम होते. प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये हवाच.

हिवाळा इथे सगळ्यात सोपा. टिनाच्या घरात मात्र पहाटे पत्रा थंड पडून आतून दव टपकते. पत्र्याखाली बांबूचा तट्टा आणि वरच्या बाजूला निघायला फट, एवढा त्यावर इलाज.

कूलर कधी लावायचा, कधी काढायचा

उन्हाळ्यात ओलावा हवा असतो आणि कूलर तो देतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होऊन घाम सुकेनासा होतो. कूलर खिडकीत बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा घेईल, आणि समोरचे दार किंवा खिडकी चार बोटे उघडी ठेवा. गवत दर हंगामाला नवे घाला. जुन्यावर क्षार चढले की पाणी झिरपत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाकी रिकामी करून घासून पुसा, नाहीतर डेंगीचे डास तिथेच वाढतात. पाणी भरताना प्लग काढलेला असावा आणि अर्थिंग तपासलेले असावे. कूलरच्या शॉकने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. वीज गेली तर खिडकीवर ओला बारदाना किंवा वाळ्याचा पडदा टाका. वारा असेल तर तोही तेच काम करतो.

आता त्या दोन तापमापकांकडे वळा. चांगला कूलर दोन पाऱ्यांमधल्या फरकाच्या तीन चतुर्थांश इतकी हवा गार करतो. मे महिन्यात ४२ आणि २३, फरक १९: कूलरमधून २८ अंशांची हवा येते. जुलैत ३२ आणि २८, फरक ४: येते २९ ची, म्हणजे तीनच अंशांचा फायदा, आणि खोलीतली आर्द्रता ९० च्या पुढे. इतक्या ओल्या हवेत घाम उडत नाही आणि शरीराला वाटते उकडतेच आहे. फरक पाच-सहा अंशांच्या खाली आला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. नवतपा संपून पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की साधारण ही वेळ येते. त्या आठवड्यात टाकी रिकामी करून उन्हात सुकवा, जुने गवत काढून जाळून टाका, पंपाला तेलाचा थेंब द्या, कूलर कापडात गुंडाळून माळ्यावर चढवा आणि त्याने अडवलेली खिडकी मोकळी करून तिला जाळी ठोका.